व्हिडिओच्या शेवटी पप्पांच्या चपला

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मानसिंग सरांनी आज फर्मान काढलं: रोज डायरी लिहायची. किती मीटर वल्हं मारलं, नाडी किती, काय चुकलं. ते सगळं मी वेगळ्या वहीत लिहीन आणि त्यांना दाखवीन. ही वही माझी एकटीची. हिच्यात मी सरांना शिव्यासुद्धा घालणार आहे. त्यामुळे आई, तू वाचत असशील तर इथंच बंद कर.

सर फौजेतले. तिथं रोइंग केलं, मेडलं आणली, सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि भिगवणच्या पुढं धरणाच्या पाण्याकाठी पत्र्याची शेड टाकून दोन जुन्या बोटी आणून ठेवल्या. स्वतः राहतात पुण्यात, येतात फक्त रविवारी. बाकी दिवस मी, पाणी आणि बगळे.

गेल्या वर्षी निवड चाचणीत मी पाचवी आले. एकटीच्या बोटीत राज्याच्या कॅम्पला तीनच मुली घेतात. यंदाची चाचणी १९ जानेवारीला पुण्यात आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष. यंदा निवड झाली नाही तर आई म्हणते तसं बारामतीत बी.एड.ला नाव घालायचं आणि रोइंग विसरायचं. मला विसरायचं नाही. मला त्या तिघींत यायचंय, बास.

सर म्हणतात माझ्यात ताकद भरपूर आहे, पण घाई आहे. आमच्या बोटीत पाठ पुढं आणि तोंड मागं. सीट रुळावर सरकते. पायानं जोर मारला की बोट आपली आपण पळत असते, तेवढ्या वेळात सावकाश सरकत पुढच्या जोराला यायचं. मी म्हणे धावत येते आणि त्या दणक्यानं पळती बोट अडखळते.

"दिशा, बोट चालली आहे आणि तूच तिला ब्रेक लावतेस."

"नाही लावत सर."

"माझ्याशी भांडू नको. व्हिडिओ काढ आणि कॅमेऱ्याशी भांड."

काढणार कोण? शेजारून दुसरी होडी चालली पाहिजे, त्यात फोन धरून माणूस पाहिजे. जोतीकाका आमच्या गल्लीतले, पर्यटकांना रोहित पक्षी दाखवायला इंजिनाची होडी फिरवतात. ते म्हणाले, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी मोकळाच असतो. आणि फोन धरायला कोण तयार झालं तर पप्पा! ज्यांना पोहता येत नाही ते. धरणाच्या पुलावरून गाडी जाताना जे काच वर करून घेतात ते.

"मी धरतो की. त्यात काय, आमी काय फोन धरला न्हाय व्हय कधी?"

कारखान्यात टाइम ऑफिसला आहेत, गाळप सुरू झालंय. त्यांनी दुपारची पाळी मागून घेतलीय. सकाळ माझ्या नावावर.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पहिला दिवस. पप्पांनी दोन लाईफ जॅकेट घातली. एकावर एक. जोतीकाका म्हणाले, "रविदादा, अजून एक देऊ का, डोक्यात घालायला?" मी एवढी हसले की वल्हं हातातून निसटलं.

व्हिडिओ बघून मात्र हसू गेलं. सर खरं बोलत होते. मी अक्षरशः एसटी सुटल्यासारखी पळत पुढं येते. बोटीचं टोक प्रत्येक वेळी खाली बसतं. माझंच शरीर, मलाच माहीत नव्हतं.

पप्पांना व्हिडिओ बंद करायचं कळत नाही. माझं मारून झालं की फोन खाली करतात आणि तो चालूच. त्यामुळे दर व्हिडिओच्या शेवटी पप्पांच्या चपला. तपकिरी, डाव्या पट्ट्याला आईनं निळ्या दोऱ्यानं घातलेला टाका. आणि वर त्यांची जोतीकाकांशी बडबड. ते सगळं कापून टाकायचं. फोनमध्ये जागाच नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सरांचा नवा नियम: आवाज बंद करून बघायचं. "पाण्याचा आवाज ऐकलास की तुला वाटतं जोर लागला. कान खोटं बोलतात. डोळ्यानं बघ." शिवाय त्यांना पाठवताना इंजिनची फटफट नको म्हणे, डोकं उठतं.

बरंच झालं. मी स्लो करून बघते, तेव्हा पप्पांचा श्वास म्हैस फुरफुरल्यासारखा ऐकू येतो. फोन तोंडाजवळ धरतात ना. त्यांना ऐकवला तर आधी हसले, मग म्हणाले, "बंद कर गं ते."

आता माझी पद्धत बसली: आल्या आल्या शेवटच्या चपला कापायच्या, आवाज काढून टाकायचा, जुन्यावरच सेव्ह करायचं, सरांना पाठवायचं. नाष्ट्याच्या आत काम खलास.

१ डिसेंबर, रविवार

सर आले होते. शेडच्या भिंतीवर चादर बांधून लॅपटॉपवरून सगळे व्हिडिओ मोठे करून दाखवले. पप्पा पण मागं खुर्चीत बसून बघत होते, शाळेत पालकसभेला बसल्यासारखे. सर म्हणाले, घाई थोडी कमी आहे, पण दमली की परत येते. शेवटच्या अडीचशे मीटरला तू जुनी दिशा होतेस.

मग पप्पांकडं वळून म्हणाले, "रवींद्रराव, शूटिंग चांगलं आहे तुमचं. फक्त हात हलतो. दोन्ही कोपरं पोटाला लावून धरा."

पप्पांनी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत चार वेळा कोपरं पोटाला लावून दाखवली. आईनं विचारलं, "काय झालं, पोटात दुखतंय का?" एकदम घाबरून विचारलं. आईचं पण काहीतरीच असतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

माझ्या आठवणीत पहिल्यांदा पप्पा आज दादरला गेले नाहीत. ताप असताना गेलेत, आजोबा वारले त्या वर्षी गेलेत. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. सकाळी म्हणाले, "लई गर्दी असती. हितनंच बाबासाहेबांना वंदन करू." समाजमंदिरात गेलो, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हणून झालं. बसायला उठायला त्यांना माझा खांदा लागला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दादरला गेले असते तर दोन दिवसांचे व्हिडिओ बुडाले असते.

१५ डिसेंबर, रविवार

आईनं जेवणात मीठ घालायचं सोडलंय. चिलापीचं कालवण, तेही अळणी! जोतीकाकांनी सकाळी जिवंत मासे आणून दिले आणि आईनं त्यांची ही दशा केली. मी वरून मीठ घेतलं तर पप्पा माझ्या ताटाकडं बघत बसले. "मला पण दे की चिमूटभर." आईनं डबाच उचलून आत नेला. दोघं म्हातारे झाले की कसे भांडतील त्याची ही रंगीत तालीम.

आणि हल्ली पप्पा पलंगावर झोपत नाहीत. लोडाला टेकून, खुर्चीत. म्हणतात आडवं झालं की झोप लागत नाही. आडवं झाल्यावर झोप लागत नाही असा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

सराव छान. हजारातल्या नऊशे मीटरपर्यंत घाई नाही. शेवटच्या शंभरला आली भवानी.

२४ डिसेंबर, मंगळवार

पप्पा कारखान्याच्या कामाला पुण्याला गेले. या महिन्यात दुसऱ्यांदा. ऐन गाळपात टाइम ऑफिसच्या माणसाला पुण्यात काय काम निघतं देव जाणे. आई पण गेली सोबत. अंगणवाडीला रजा टाकून! मी विचारलं तर म्हणाली, "मला लक्ष्मी रोड बघायचाय." येताना हातात पिशवी एकच, आणि ती पण सपाट.

व्हिडिओ बुडाला. जेवताना मी ताट जरा आपटलं.

२९ डिसेंबर, रविवार

व्हिडिओत क्षितिज वाकडं येतंय. पलीकडचा काठ डावीकडं चढलेला. सर म्हणतात यातून अंग किती झुकलंय ते कळत नाही. आणि मधेच थरथर. मी पप्पांना म्हटलं, "कोपरं पोटाला!" ते म्हणाले, "लावली होती बाळा, लाटेनं हलतंय." लाट कुठली, पाणी तव्यासारखं होतं.

त्यांचं लक्ष नाही. एवढंच काम आहे आणि त्यात लक्ष नाही.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

बातमी!! चाचणी पुढं ढकलली. १९ जानेवारीच्या ऐवजी १६ फेब्रुवारी. तिथल्या पाण्यात जलपर्णी झालीय, काढायला वेळ लागणार. मी घरात नाचले. चार आठवडे जास्त! शेवटच्या शंभरची घाई काढायला नेमके तेवढेच हवे होते.

पप्पा जेवत होते. घास हातातच राहिला. "किती पुढं?"

"फेब्रुवारी सोळा!"

त्यांनी आईकडं बघितलं. आई उठून आत गेली. पप्पांनी घास ठेवला, पाणी प्यायले. मग हसून म्हणाले, "बरं झालं की. तुला म्हैना मिळाला."

"तुम्हालाच बोअर होणार आता, अजून महिनाभर होडीत."

"मला काय बोअर. मला आवडतंय."

आई आत भांडी घासत होती. जेवणं व्हायच्या आधीच भांडी कुणाची घासत होती कुणास ठाऊक.

१९ जानेवारी, रविवार

आज चाचणी असती. मी पूर्ण हजार मीटर मारलं, चाचणी समजून. वेळ चांगली.

आई माझ्याशी नीट बोलत नाहीये. विचारलं तर म्हणाली, "तुला पाण्याबिगर काय दिसतं का गं?" मी म्हटलं मग काय बघू? ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात पप्पांनी खोलीतून "तुळसा!" अशी हाक मारली. ओरडले नाहीत, नुसती हाक. आई उठून त्यांच्याकडं गेली.

मला वाटतं त्यांचं काहीतरी भांडण चाललंय. आणि ते माझ्या रोइंगवरून आहे. आईला वाटत असणार मी बी.एड.चा फॉर्म भरावा. भरणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

पप्पांनी नवीन चपला घेतल्या, एक नंबर मोठ्या. निळ्या दोऱ्याच्या तपकिरी चपला गेल्या. आज व्हिडिओच्या शेवटी नवा चेहरा! पाय पण गुबगुबीत दिसत होते, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले. मी म्हटलं, "पप्पा, पाय जाड झाले तुमचे." म्हणाले, "थंडीनं सुजत्यात." कापला, टाकला.

आता ते होडीत उभे राहत नाहीत. फळीवर बसून काढतात. खालून काढल्यामुळे माझे हात वल्ह्यामागं लपतात. सरांना पाठवायचीच लाज वाटते.

२ फेब्रुवारी, रविवार

आज माझं डोकं फिरलं. लिहून टाकते म्हणजे झोप येईल.

सर आले नव्हते. हजार मीटर पूर्ण मारायचं, आणि शेवटच्या अडीचशेचा व्हिडिओ काहीही करून त्यांना पाठवायचा असं ठरलं होतं. मी जीव तोडून मारलं. आणि आज मला जमत होतं. आतून कळत होतं. जोर मारावा, आणि मग नुसतं थांबावं, बोट खालून पळतेय, बुडबुड्यांचा आवाज येतोय. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की पप्पांचा फोन खाली गेलाय. मी मारता मारता ओरडले, "पप्पा, फोन वर धरा!" वर गेला, परत खाली.

काठावर येऊन बघितलं. साडेसातशेपर्यंत ठीक. नंतर पाणी. मग होडीची कड. मग चपला. माझे सगळ्यात चांगले अडीचशे मीटर, आणि व्हिडिओत काय, तर चपला! मी पूर्ण बघितलाही नाही. तिथंच डिलीट मारला.

जोतीकाकांच्या समोरच बोलले. "एवढं एक काम पण होत नाही का तुमच्याच्यानं? नुसतं धरायचं असतं!"

जोतीकाका म्हणाले, "दिशे, जरा हळू." पप्पांनी त्यांचा हात धरला. मग मला म्हणाले, "चुकलं बाळा. उद्या नीट काढतो."

त्यांनी उलट चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

राग तसाच. सकाळी उठले तर पप्पा आधीच तयार, एकच लाईफ जॅकेट, ते घालून उंबऱ्याशी उभे. माझा फोन चार्ज करून हातात. मी फोन घेतला आणि म्हटलं, "आज व्हिडिओ नको."

"का गं?"

"नको म्हटलं ना."

सायकल काढली. वळणावर मागं बघितलं तर अजून तसेच उभे होते, जॅकेट घालून. शेजारपाजारचे बघत होते. मला हसू पण आलं आणि राग पण. उद्या घेऊन जाईन म्हणा. दोन दिवस राग धरला की बास.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पप्पा गेले.

मागच्या मंगळवारी पहाटे. खुर्चीत. मी उठले तेव्हा आई त्यांच्या पायाशी बसली होती आणि त्यांचे पाय चोळत होती. मला म्हणाली, "गार लागत्यात गं, गरम पाणी आण." मी पाणी ठेवलं. पाणी उकळलं तरी मी गॅसपाशीच उभी होते.

लोक आले, गेले. भंते आले. जलदान झालं. सगळे पांढऱ्यात. जोतीकाका एवढा मोठा माणूस, आमच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

फोटो मोठा करायला पप्पांचा चांगला फोटो पाहिजे होता. मामा म्हणाले, "दिशाच्या फोनमध्ये असंल की, तीन म्हैने रोज शूटिंग चालायचं." मी फोन उघडला. एकही नाही. सगळ्यात मी. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. त्यात ते कुणीतरी दटावल्यासारखे दिसतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईनं सांगितलं. मी सोळा तारखेला जाणार नाही म्हटलं म्हणून सांगितलं, नाहीतर कदाचित कधीच सांगितलं नसतं.

दिवाळीनंतर तपासणी झाली होती. हृदयातली एक झडप खराब. मीठ बंद, दगदग बंद, आणि लवकरात लवकर ऑपरेशन. पुण्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती, २२ जानेवारी. पप्पांनीच मागून घेतली होती. १९ ला माझी चाचणी, मग ऑपरेशन.

"आणि चाचणी पुढं गेली," मी म्हटलं.

"मग त्यांनी पण पुढं ढकललं. वीस फेब्रुवारी. डॉक्टर म्हनलं, मी जबाबदारी घेत न्हाय. म्यां ह्यांच्या पाया पडले. म्हनले, पोरीला सांगते. तर मला तुझी शपथ घातली." आई माझ्याकडं बघत नव्हती. "म्हनायचे, तिला कळलं तर ती वल्हं टाकून दवाखान्यात येऊन बसंल. गेल्या साली पाचवी आली तवा रातभर रडली व्हती, मला पुन्यांदा बघवायचं न्हाय."

मी आईवर ओरडले. शपथ मोठी की माणूस मोठा! ती म्हणाली, "तुझी शपथ व्हती गं." मग दोघी रडलो. मला आईचा राग येतो, पप्पांचा येतो, त्या जलपर्णीचा येतो. आणि मी नाचले होते. ते जेवत होते आणि मी नाचले होते.

आई म्हणाली, "जा तू. न्हाय गेलीस तर त्यांनी कशापायी केलं सगळं?"

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले. जोतीकाका आणि आई सोबत. सर भेटले, पाठीवर हात ठेवला.

दुसरी आले. निवड झाली.

सरांनी स्वतः काठावरून सायकल चालवत व्हिडिओ काढला. नंतर दाखवला. "बघ. एकदा पण घाई नाही. शेवटच्या शंभरला पण नाही." मी बघितलं. खरंच नव्हती. क्षितिज सरळ, फोन स्थिर, आवाज बंद. मला काहीच वाटलं नाही. दुसरीच कुठलीतरी मुलगी मारत होती.

आईनं तिथल्या टपरीवर आम्हा तिघांसाठी चहा घेतला आणि चार सांगितले. मग एक परत दिला.

९ मार्च, रविवार

परवापासून कॅम्प. सरांनी सांगितलं, फोन मोकळा करून आण, तिथं रोज शूटिंग असतं.

म्हणून दुपारी जुने व्हिडिओ बघत बसले. नोव्हेंबरपासूनचे. आवाज लावला, तर आवाज नाही. मीच काढून टाकलेला. शेवट बघायला गेले, तर शेवट नाही. मीच कापलेले. जुन्यावरच सेव्ह केलेलं, त्यामुळे आता काही परत येत नाही. तीन महिने ते रोज माझ्यासमोर बोलत होते आणि मी रोज नाष्ट्याच्या आत ते पुसत होते. बदल्यात काय ठेवलं, तर माझे हात, माझे पाय, माझी पाठ. निळ्या दोऱ्याचा टाका कुठल्या बाजूला होता हेसुद्धा या वहीत बघावं लागलं.

मग आठवलं. दोन तारखेचा. तो मी कापला नव्हता. रागानं अख्खाच्या अख्खा टाकला होता. डिलीट केलेलं साठ दिवस वेगळ्या खणात राहतं, तिथं होता. परत घेतला. हेडफोन लावले. बराच वेळ चालूच करवेना.

साडेसातशेपर्यंत मी आहे. इंजिनची फटफट आणि तिच्यावर त्यांचा श्वास. आता म्हैस नाही वाटली. एक श्वास घेतला की दुसरा मिळेल की नाही असं चाललं होतं. फोन खाली येतो. पाणी. होडीची कड.

जोतीकाका: "दादा, बसा, टेका हितं. इंजिन बंद करतो."

"नगं, नगं. बंद केलंस तर ती थांबंल."

"मग फोन तरी द्या हिकडं."

"तू हँडल धर. हात न्हाय उचलत रं माझा... असू दे."

मोठ्या चपला. वर आलेले पाय. नुसती फटफट, बराच वेळ. मला वाटलं संपलं. मग पप्पा बोलले. एवढ्या आनंदात त्यांना मी कधी ऐकलं नाही, माझ्या दहावीच्या निकालाला पण नाही.

"जोतीराम, बघ, बघ! थांबती बघ ती! जोर मारला... आन् आता थांबली. बोट पळतीया बघ आपली आपण. परत थांबली! आरं जमलं की तिला! सर म्हनत्यात ते हेच, घाई न्हाय केली!"

"व्हय दादा. बोलू नगा तुमी."

"बोलू दे रं. कुणाला बोलू मग? तिला आवाज चालत न्हाय."

तिकडं मी मारत होते. व्हिडिओत चपलाच आहेत. ते अडीचशे मीटर कुठंच नाहीत, कॅमेऱ्यानं ते बघितलेच नाहीत. पप्पांनी बघितले.

मग लांबून, पाण्यावरून, माझा आवाज येतो. केवढा कर्कश आहे तो. "पप्पा, फोन वर धरा!"

चपला हलतात. फोन वर यायला लागतो, थरथरत. गुडघा, जॅकेटची नारिंगी कड, आणि क्षणभर त्यांची हनुवटी आणि पांढरी दाढी, दोन दिवसांची. मग नुसतं आभाळ.

आणि तेव्हा माझ्यापर्यंत न पोचलेलं त्यांचं उत्तर, एकदम जवळून, कानाशी.

"व्हय बाळा, धरला. तू मार."